मार्ग मोकळे, कर्म बांधलेले : गीतेतील स्वधर्मविचाराची चिकित्सा

सोलापूरच्या नवी पेठेत वर्षावासाच्या दिवसांत एक छोटासा वाचनवर्ग चालतो. दुकाने बंद झाल्यावर दहा-बारा उपासक जमतात आणि सुत्तवाचन करतात. या वर्गात एका तरुण उपासकाने एक प्रश्न विचारला. तो पेठेतल्याच एका कापडाच्या दुकानात हिशेबाचे काम करतो. दिवाळीला मालकाने मिठाईच्या पुड्याबरोबर त्याला गीतेची एक छोटी प्रत भेट दिली होती व ती त्याने प्रामाणिकपणे वाचली होती. त्याचे म्हणणे असे, की गीतेत वर्ण गुण आणि कर्म यांवरून ठरतात असे म्हटले आहे, जन्मावरून नव्हे. शिवाय ज्ञान, कर्म आणि भक्ती हे तीन मार्ग तिने सर्वांसाठी खुले केले आहेत. असे असता बाबासाहेबांनी तिच्याविषयी इतका कठोर अभिप्राय का दिला?

वर्गातील काहींना हा प्रश्न आवडला नाही. एकाने तर त्याला पुस्तक मालकाला परत करण्याचा सल्ला दिला. प्रस्तुत लेखकाला मात्र हा प्रश्न रास्त वाटला आणि त्याचे उत्तर देणे आपले काम आहे असेही वाटले. आपल्या नियतकालिकांतून गीतेवर जे लिहिले जाते त्यातील बरेचसे निषेधावरच संपते. निषेधाने वाचकाचा राग शमतो, त्याची शंका शमत नाही. बाबासाहेबांनी गीतेची चिकित्सा अध्याय व श्लोक समोर ठेवून केली होती. त्यांच्या अनुयायांनीही तसेच करावयास हवे.

प्रथम गुण-कर्माचा मुद्दा घेऊ. चौथ्या अध्यायातील तेराव्या श्लोकात चातुर्वर्ण्य गुणकर्मविभागाने निर्माण केल्याचे कृष्ण सांगतो, हे खरे आहे. सुधारणावादी हिंदू लेखक गेली शंभर-सव्वाशे वर्षे याच श्लोकाचा आधार घेत आले. परंतु कोणताही ग्रंथ एका श्लोकावरून वाचता येत नाही. हे गुण कोठून येतात, याचे उत्तर गीता अठराव्या अध्यायात देते. ते स्वभावातून उत्पन्न होतात आणि स्वभावानुसार चारही वर्णांची कर्मे विभागलेली आहेत (श्लोक ४१). पुढे अठ्ठेचाळिसाव्या श्लोकात अशा कर्माला जो शब्द योजला आहे तो 'सहज' हा आहे. आज मराठीत 'सहज' म्हणजे सोपे किंवा आपोआप असा अर्थ रूढ झाला आहे. मूळ संस्कृतात त्याचा अर्थ 'बरोबर जन्मलेले' असा आहे. जन्माबरोबर जे जन्मले ते जन्मावरून ठरत नाही, असे म्हणणे ही केवळ शब्दांची कसरत आहे.

याहूनही निर्णायक पुरावा ग्रंथाच्या आरंभीच आहे. युद्ध नाकारताना अर्जुन जी भीती व्यक्त करतो ती वर्णसंकराची. कुलक्षय झाला की कुलस्त्रिया बिघडतील आणि त्यातून संकर होईल, असे तो पहिल्या अध्यायात म्हणतो. वर्ण जर खरोखर गुणांवरून ठरत असेल, तर स्त्री-पुरुषांच्या संबंधातून त्याचा संकर होईलच कसा? ज्याचे जे गुण असतील तो त्याचा वर्ण, एवढेच म्हणून प्रश्न मिटला असता. कृष्णाने अर्जुनाला नेमके हे उत्तर द्यावयास हवे होते. तो ते देत नाही. उलट तिसऱ्या अध्यायात (श्लोक २४) तो स्वतःच म्हणतो, की मी कर्म केले नाही तर मी संकराचा कर्ता ठरेन. म्हणजे वर्ण जन्माने येतो या गृहीतावर शिष्य आणि गुरू दोघांचेही एकमत आहे. त्याच रणांगणावर द्रोण, कृप आणि अश्वत्थामा हे जन्माने ब्राह्मण असलेले तिघे शस्त्र घेऊन उभे आहेत. त्यांना ब्राह्मणत्व सोडावे लागलेले नाही. आणि करुणेने व्याकूळ होऊन भिक्षान्नावर जगण्याची इच्छा व्यक्त करणाऱ्या अर्जुनाला मात्र क्षत्रियत्वातून सुटका नाही. त्या क्षणी त्याच्या ठायी कोणता गुण प्रकट झाला होता, याची विचारपूस कोणी करीत नाही.

अठराव्या अध्यायातील कर्मविभागाची यादी आमच्या वाचकांनी एकदा सावकाश वाचावी. ब्राह्मणाची म्हणून नऊ कर्मे सांगितली आहेत, क्षत्रियाची सात, वैश्याची तीन आणि शूद्राचे एक. संख्येचा हा उतार लक्षणीय आहे, पण त्याहून लक्षणीय आहे तो आशयाचा उतार. ब्राह्मणाच्या यादीत शम, दम, तप, क्षमा, सरळपणा, ज्ञान अशा गोष्टी येतात. त्यांना कर्म म्हणणे कठीण आहे, ते सद्गुण आहेत. क्षत्रियाच्याही यादीत शौर्य, धैर्य, दान आहे. वैश्यापाशी आल्यावर सद्गुण संपतात आणि शेती, गोरक्षण व व्यापार हे धंदे उरतात. शूद्रापाशी तर धंदाही उरत नाही, केवळ सेवा उरते. शूद्राने क्षमाशील असावे किंवा ज्ञानी असावे, हे त्याचे कर्तव्य म्हणूनसुद्धा सांगण्याची गरज ग्रंथकाराला वाटलेली नाही. आणि चार वर्णांबाहेर ज्यांना ठेवले, त्यांचे काय? त्यांच्यासाठी या यादीत एक ओळही नाही. श्वपाक येतो तो पाचव्या अध्यायात, ज्ञानी पुरुष समदृष्टीने कोणाकोणाकडे पाहतो हे सांगताना. तेथे त्याची सोबत विद्वान ब्राह्मण, गाय, हत्ती आणि कुत्रा यांच्याशी आहे. या श्लोकातून समता निघेल या भीतीने सनातनी पंडितांनी फार पूर्वीच खुलासा करून ठेवला, की येथे समदर्शन सांगितले आहे, समवर्तन नव्हे. त्यांचा खुलासा हेतूने कितीही निंद्य असला, तरी ग्रंथाच्या दृष्टीने तो चुकीचा नाही, असे खेदाने म्हणावे लागते.

आता मार्गांकडे वळू. गीतेतील मुख्य मार्ग कोणता, या प्रश्नावर मराठी बुद्धीने जितकी शक्ती खर्च केली तितकी क्वचितच दुसऱ्या कोणत्या प्रश्नावर केली असेल. शंकराचार्यांनी ज्ञान आणि संन्यास हे तात्पर्य काढले, रामानुजांनी भक्ती. ज्ञानेश्वरांनी १२९० साली नेवाशास भक्तीने ओथंबलेले भाष्य मराठीत रचले. सतराव्या शतकात वामनपंडितांनी 'यथार्थदीपिके'त ज्ञानाचा पक्ष घेतला. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात 'गीतारहस्य' लिहिले. १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथात निष्काम कर्मयोग हेच गीतेचे रहस्य असल्याचे त्यांनी प्रतिपादिले. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात रविवारी प्रवचने दिली व ती साने गुरुजींनी उतरून घेतली. सातशे वर्षांचा हा वाद आहे. आमचे म्हणणे एवढेच, की या संपूर्ण वादात मार्ग वादग्रस्त राहिला आणि कर्तव्य निर्विवाद राहिले. ज्ञानाने जावे की भक्तीने, यावर ग्रंथामागून ग्रंथ झाले. परंतु जे कर्म ज्ञानपूर्वक, भक्तिपूर्वक किंवा निष्कामपणे करावयाचे ते कोणी ठरविले, हा प्रश्न या थोर भाष्यकारांपैकी एकाही भाष्यकाराने भाष्याचा विषय केला नाही.

ज्ञानेश्वरीत ही गोष्ट फार स्पष्टपणे दिसते, कारण ज्ञानेश्वरांचे अंतःकरण मोठे होते. नवव्या अध्यायात स्त्रिया, वैश्य आणि शूद्र यांनाही परमगती मिळते असे सांगणारा श्लोक येतो. मूळ श्लोक त्यांना पापयोनी म्हणूनच हे सांगतो. ज्ञानेश्वर मात्र या ठिकाणी विलक्षण उमाळ्याने बोलतात. ओढे-ओहोळ गंगेला मिळेपर्यंतच ओहोळ असतात, खैर आणि चंदन हा भेद अग्नीत पडेपर्यंतच असतो, अशा आशयाचे दृष्टांत ते देतात. ग्रंथाच्या शेवटी तर वेद केवळ तीन वर्णांच्याच कानी लागला म्हणून त्याला ते कृपण ठरवतात. हे सर्व वाचताना कोणाचेही मन भरून येते. परंतु तिसऱ्या अध्यायात, स्वधर्म दोषयुक्त असला तरी परधर्माहून श्रेयस्कर असे सांगणाऱ्या श्लोकावर भाष्य करताना हेच ज्ञानेश्वर कोणता दृष्टांत देतात? शूद्राच्या घरी उत्तम पक्वान्ने असली तरी ब्राह्मणाने, तो गरीब झाला असला तरी, ती कशी सेवन करावीत, असा त्यांचा प्रश्न आहे. नवव्या अध्यायात जो भेद गंगेत वाहून गेला, तो तिसऱ्या अध्यायात जेवणाच्या पानापाशी जसाच्या तसा उभा आहे. यात ज्ञानेश्वरांचे ढोंग नाही. त्यांच्यावर आणि त्यांच्या भावंडांवर धर्माधिकाऱ्यांनी काय आणले हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्यांनी केले ते ग्रंथाशी प्रामाणिक राहूनच. ग्रंथातच दोन दालने आहेत. मुक्तीच्या दालनात सर्वांना प्रवेश आहे, व्यवहाराच्या दालनात ज्याने त्याने आपल्या जागी राहावयाचे आहे.

या ठिकाणी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. बाबासाहेबांनी ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत' सुरू केले, तेव्हा पत्राच्या शीर्षभागी ज्ञानेश्वरीतील ओव्या छापल्या होत्या. हाती धनुष्य घेऊन रथावर चढण्याचे आणि निःशंकपणे युद्धास सिद्ध होण्याचे आवाहन करणाऱ्या त्या ओव्या याच तिसऱ्या अध्यायातील आहेत. त्याच वर्षी सत्याग्रहाचे समर्थन करताना बाबासाहेबांनी गीतेचाही आधार घेतला होता. आमच्यातील काही लेखक ही वस्तुस्थिती झाकून ठेवतात. झाकण्याचे काहीच कारण नाही. ओव्यांतले शौर्य त्यांनी उचलले. त्याच अध्यायात थोड्या पुढे येणारे, परक्या घरचे अन्न नाकारणारे स्वधर्माचे विवेचन त्यांनी उचलले नाही. महाडला मार्च महिन्यात ते पाण्यासाठी गेले होते, आणि डिसेंबरच्या २५ तारखेला तेथेच मनुस्मृतीचे दहन झाले. पुढे सुमारे तीन दशके ते या प्रश्नाशी झुंजत होते. गीतेविषयीचा त्यांचा अंतिम निष्कर्ष हा या वाटचालीच्या शेवटी आलेला आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचे वजन कमी होत नाही, वाढतेच.

भक्तीचा मार्ग मोकळा आणि कर्म बांधलेले, याचा अर्थ माणसाच्या आयुष्यात काय होतो हे पाहण्यासाठी आम्हा सोलापूरकरांना लांब जावे लागत नाही. मंगळवेढे आमच्या जिल्ह्यातच, शहरापासून सुमारे ५५ किलोमीटरवर आहे. चोखामेळा तेथले. नामदेवांनी त्यांना आपल्या मेळ्यात घेतले, संतमंडळींनी त्यांना संत मानले, त्यांची पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका आणि पुत्र कर्ममेळा या सर्वांच्या अभंगांना वारकरी परंपरेत स्थान मिळाले. एका अस्पृश्य कुटुंबातील पाच माणसांची वाणी चौदाव्या शतकापासून टिकून राहावी, ही सामान्य गोष्ट नव्हे. भक्तिमार्गाने जे देता येत होते ते त्याने दिले, हे मान्य केलेच पाहिजे.

परंतु चोखोबांचा अंत कसा झाला? मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालू होते. ते महारांनी करावयाचे काम होते. परंपरा सांगते, की १३३८ साली ते कुसू कोसळले आणि त्याखाली काम करणारे महार गाडले गेले. त्यांत चोखोबा होते. नामदेवांनी ढिगाऱ्यातून त्यांच्या अस्थी शोधल्या. ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या चोख्याच्या, अशी कथा आहे. त्या अस्थींची समाधी पंढरपुरात महाद्वारासमोर बांधली गेली. कथा हृद्य आहे. तिच्यातील चमत्कार बाजूला ठेवला म्हणजे जी गोष्ट उरते ती अशी : संतपदाला पोहोचलेला माणूसही वेठीला होता, आणि मृत्यूनंतरही तो दाराबाहेर होता. आषाढात आमच्या शहरातून दिंड्या पंढरीकडे जातात, लोक रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे राहून वारकऱ्यांना फराळ देतात. त्या वाटेवर मंगळवेढ्याचे ते कुसू आणि कुसू बांधणारा संत यांचा संबंध कोणी लावत नाही.

चोखोबांच्या नावावर असलेल्या एका अभंगात, पूर्वजन्मी आपल्याकडून कृष्णनिंदा घडली म्हणून महाराचा जन्म आला, असा आशय आहे. तो अभंग त्यांचाच असेल किंवा पुढे कोणी त्यांच्या तोंडी घातला असेल. दोन्ही शक्यतांत त्याचा अर्थ सारखाच भीषण आहे. वेठ लादणाऱ्याचे नाव अभंगात नाही, वेठ करणाऱ्याचा पूर्वजन्म मात्र आहे. स्वधर्माची कल्पना पूर्वकर्माच्या सिद्धांताशी जोडली गेली की असे होते. अन्यायाचा कर्ता नाहीसा होतो आणि सोसणाराच आरोपी ठरतो. बाबासाहेबांनी १९४८ सालचा 'अस्पृश्य मूळचे कोण?' या विषयावरील इंग्रजी ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीस अर्पण केला. त्या अर्पणात आदर आहे. पण त्यांनी आपल्या लोकांना चोखोबांच्या वाटेने नेले नाही.

महारांचे हे बांधलेले कर्म पुढे वतनाच्या रूपाने सरकारी दप्तरात गेले. त्या वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. ते वतन कायद्याने नष्ट होण्यास त्यांच्या महापरिनिर्वाणानंतरचे १९५८ साल उजाडावे लागले. चोखोबांच्या मृत्यूपासून मोजले तर ही ६२० वर्षे होतात.

'गीतारहस्या'विषयी थोडे अधिक लिहिणे आवश्यक आहे, कारण आधुनिक शिक्षित मराठी माणसाची गीता ही बहुतांशी टिळकांची गीता आहे. टिळकांची विद्वत्ता आणि तुरुंगातील त्यांचे परिश्रम यांविषयी आदर राखूनच त्यांच्या ग्रंथाची उणीव दाखविता येते. संन्यासाच्या बाजूने झुकलेले तात्पर्य त्यांनी कर्माच्या बाजूला आणले आणि पारतंत्र्यातील समाजाला हालचाल करण्यास प्रवृत्त केले. परंतु कर्म म्हणजे कोणते कर्म, या प्रश्नापाशी ते येतात तेव्हा एक मोठा विचारवंत अचानक घाईत असल्यासारखा वाटतो. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : गीतेची नीती चातुर्वर्ण्यावर उभारलेली नाही, चातुर्वर्ण्य नसेल तेथे, त्या समाजात धारणपोषणाची जी व्यवस्था असेल तीनुसार वाट्यास आलेले काम निष्काम बुद्धीने करावे. हा युक्तिवाद वरवर उदार दिसतो. वस्तुतः त्याने अडचण वाढते. कारण आता कोणतीही व्यवस्था, ती कितीही अन्यायी असो, कर्तव्याचा उगम ठरू शकते. वाट्यास आलेले काम चोख करणे हेच पुण्य ठरले, की वाटणी करणाराकडे पाहण्याचे कारणच उरत नाही. १९१८ साली मुंबईत भरलेल्या अस्पृश्यतानिवारण परिषदेत टिळकांनी जोरदार भाषण केले, ईश्वर अस्पृश्यता मानत असेल तर त्या ईश्वराला आपण मानणार नाही असेही ते म्हणाले. व्यक्तिगत आचरणात अस्पृश्यता न पाळण्याच्या जाहीरनाम्यावर मात्र त्यांनी सही केली नाही. समदर्शन आणि समवर्तन यांतील फरकाचे याहून नेमके उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

बाबासाहेबांनी 'गीतारहस्या'वर घेतलेला मुख्य आक्षेप निराळा आहे. त्यांचे 'कृष्ण आणि त्याची गीता' हे अपूर्ण प्रकरण महाराष्ट्र शासनाने १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या इंग्रजी लेखन व भाषणांच्या तिसऱ्या खंडात आहे. वसंत मून त्या खंडाचे संपादक होते. त्यात ते दाखवितात, की गीतेतील कर्म म्हणजे सामान्य कृती नव्हे, तर जैमिनीच्या मीमांसेतील कर्मकांड होय, आणि टिळकांनी त्याला सर्वसामान्य कर्तव्याचा अर्थ देऊन वाचकाची दिशाभूल केली. तिसऱ्या अध्यायातील दहा ते पंधरा हे यज्ञचक्राचे श्लोक पाहिले म्हणजे हा आक्षेप किती साधार आहे हे दिसते. बौद्ध क्रांतीने चातुर्वर्ण्य, यज्ञ आणि हिंसा यांचे नैतिक समर्थन उद्ध्वस्त केले होते. त्यांना तत्त्वज्ञानाचा नवा टेकू देण्यासाठी गीता रचली गेली, ही त्यांची मांडणी आहे. मैत्री, करुणा, निर्वाण या गीतेतील कल्पना बौद्ध साहित्यातून घेतल्या गेल्या, असेही ते सुत्तांशी तुलना करून सांगतात. टिळकांनी आपल्या परिशिष्टात नेमके उलट, म्हणजे महायानाने गीतेकडून घेतले, असे प्रतिपादिले होते. या उसनवारीच्या वादात आमचे अनेक लेखक रंगून जातात. आमच्या मते हा वाद दुय्यम आहे. मैत्री आणि करुणा हे शब्द गीतेने घेतले असतील. त्यांचे तिने काय केले, हे महत्त्वाचे. बाराव्या अध्यायात भक्ताने सर्व भूतांविषयी मैत्र आणि करुणा बाळगावी असे सांगणारा गुरू दुसऱ्या अध्यायात आत्मा मरत नाही म्हणून मारण्यास हरकत नाही, असे सांगून चुकला आहे. करुणा मनात आणि बाण हातात, अशी ही वाटणी आहे.

स्वधर्माचा श्लोक किती निरुपद्रवी आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी मनुस्मृतीचा दहावा अध्याय उघडावा. सत्त्याण्णवावा श्लोक जवळजवळ गीतेच्याच शब्दांत तेच तत्त्व सांगतो आणि परधर्माने जगणारा तत्काळ जातीतून पतित होतो अशी पुस्ती जोडतो. त्याच्या अलीकडचा श्लोक अधिक स्पष्ट आहे. हीन जातीचा मनुष्य लोभाने वरच्या जातीच्या कर्मावर उपजीविका करू लागला, तर राजाने त्याचे धन हिरावून त्याला त्वरित हद्दपार करावे. गीता म्हणते की परधर्म भयावह आहे. ते भय कोणाचे, हे मनू सांगतो.

आधुनिक काळात राजा गेला, भय सौम्य झाले आणि त्याची जागा गौरवाने घेतली. विनोबा स्वधर्माची तुलना आईशी करतात. आई जशी निवडावी लागत नाही तसा स्वधर्मही निवडावा लागत नाही. दृष्टांत गोड आहे. पण आई आणि मैल्याची पाटी या दोन गोष्टी एकाच न्यायाने पोटी बांधता येत नाहीत. गांधीजींनी १९३६ साली 'हरिजन'मध्ये आदर्श भंग्यावर लेख लिहून त्या कामाला पावित्र्याचा दर्जा दिला. बाबासाहेबांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात या प्रवृत्तीचा समाचार घेतला. सोडता येणार नाही असे काम पवित्र ठरविणे, ही गीतेने आखलेल्या वाटेची शेवटची पायरी होय. साने गुरुजींना मात्र वेगळे म्हटले पाहिजे. विनोबांची प्रवचने लिहून घेणारा हा लेखनिक पंधरा वर्षांनी, १ मे १९४७ रोजी, पंढरपुरात मंदिरप्रवेशासाठी उपोषणाला बसला आणि दहा दिवसांनी दार उघडल्यावरच उठला. अन्नाचा त्याग करून का होईना, त्याने मुक्तीच्या दालनातून व्यवहाराच्या दालनात पाऊल टाकले. दार उघडले तेव्हा आमचे लोक त्या दारापासून दूर जाण्याच्या तयारीत होते, ही गोष्ट निराळी.

तथागतांच्या धम्मात या सर्व प्रश्नांची मांडणीच उलट आहे. गीतेत मार्ग अनेक आणि कर्तव्य जन्मदत्त. येथे मार्ग एक, आठ अंगांचा, आणि त्या आठांतले एक अंग सम्यक आजीविका हे आहे. उपजीविका हाच मार्गाचा भाग असल्यामुळे ती चिकित्सेतून सुटत नाही. अंगुत्तर निकायात उपासकाने न करावयाचे पाच व्यापार सांगितले आहेत : शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. हे कोणाच्या जन्मावरून ठरलेले नाहीत, त्यांपासून इतरांना जे दुःख होते त्यावरून ठरलेले आहेत. गीता म्हणते, अग्नीला धूर असतो तसा प्रत्येक कर्माला दोष असतोच, म्हणून सहज कर्म सदोष असले तरी टाकू नये. बुद्ध म्हणतात, सदोष असेल तर टाका. संयुत्त निकायातील योधाजीव सुत्तात एक योद्धा भगवंतांना विचारतो, की रणात लढता लढता मरणारा देवलोकास जातो असे आमचे पूर्वाचार्य सांगतात, हे खरे काय? भगवंत दोनदा उत्तर टाळतात. तिसऱ्यांदा विचारल्यावर, अशा मनाने मरणाऱ्याची गती वाईट होते आणि ही मिथ्या दृष्टी आहे, असे ते सांगतात. तो योद्धा रडू लागतो. आपली आजवर फसवणूक झाली म्हणून रडतो. अर्जुनाला मारला गेलास तर स्वर्ग मिळेल असे सांगण्यात आले, त्याच्या शेजारी हे सुत्त ठेवून वाचावे.

कर्तव्याचाही प्रश्न घ्या. दीघ निकायातील सिगालोवाद सुत्त हे गृहस्थांच्या कर्तव्यांचे सुत्त आहे. त्यात प्रत्येक कर्तव्य दुहेरी आहे. सेवकाने मालकासाठी काय करावे हे सांगण्यापूर्वी मालकाने सेवकासाठी काय करावे हे सांगितले आहे : शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारपणात शुश्रूषा करावी, विशेष पदार्थ वाटून खावेत, वेळेवर सुटी द्यावी. सेवकाची कर्तव्येही काही हलकी नाहीत. मालकाआधी उठणे आणि मालकानंतर निजणे त्यात आहे, हे लपविण्यात अर्थ नाही. पण गीतेच्या अठराव्या अध्यायात शूद्राने सेवा करावी एवढेच आहे. सेवा घेणाऱ्याने त्याचे काय देणे लागते, याविषयी एकही शब्द नाही. हा फरक गौण नव्हे. नवी पेठेतल्या दुकानात गड्याला सुटी मिळावी की नाही, हा प्रश्न बुद्धांनी धर्माचा प्रश्न मानला.

चोखोबांची आठवण झाली की थेरगाथेतील सुनीत थेराची आठवण झाल्यावाचून राहत नाही. नीच मानलेल्या कुळात जन्मलेला, कोमेजलेली फुले उचलून टाकण्याचे काम करणारा सुनीत. मगधाच्या नगरात प्रवेश करणाऱ्या भगवंतांना तो पाहतो, खांद्यावरची कावड खाली ठेवतो आणि वंदन करण्यास पुढे होतो. भगवंत त्याला भिक्खू म्हणून बोलावून घेतात. पुढे इंद्र आणि ब्रह्मा त्याला हात जोडतात असे गाथेत आहे. तो भाग काव्याचा आहे. मुख्य गोष्ट आहे ती कावडीची. तिला निष्कामपणे वाहा, असे त्याला कोणी सांगितले नाही. महाभारताच्या वनपर्वात मिथिलेचा एक व्याध आहे. तो ब्राह्मणालाही धर्म शिकवतो, इतका ज्ञानी आहे. आणि उपदेश संपवून तो पुन्हा मांसाच्या दुकानाकडेच वळतो, कारण तो त्याचा कुलधर्म आहे. ज्ञान मिळाले, मांडी मोडली नाही. या दोन कथांत दोन संस्कृतींचे अंतर आहे.

येथे त्या तरुण उपासकाने पुन्हा एक प्रश्न केला, आणि त्याचे सरळ उत्तर प्रस्तुत लेखकापाशी नव्हते. त्याचे वडील नगरपालिकेच्या सफाई खात्यात होते. सुनीत भिक्खू झाला, म्हणून कावड ठेवू शकला. घर चालविणाऱ्याने कावड कोठे ठेवावी? लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार आपल्या राज्यात सफाई कामगार निवृत्त झाला वा मरण पावला, की त्याच्या वारसाला नोकरी मिळते. वडील निवृत्त होणार होते, तेव्हा आई म्हणाली, हक्काची नोकरी आहे, सोडू नको. त्याने ती सोडली आणि दुकानात निम्म्या पगारावर राहिला. धाकट्या भावाने ती घेतली. आज घर भावाच्या पगारावर चालते.

ही योजना गीतेतून आलेली नाही, कामगारांच्या गरजेतून आणि मागणीतून आली आहे, हे आम्ही त्याला सांगितले. भावाने कोणताही अपराध केलेला नाही, हेही सांगितले. हाताने मैला उचलण्यास २०१३ च्या कायद्याने संपूर्ण बंदी घातली, यंत्रे आली, गणवेश आले, वेतन आयोग आला. परंतु ज्या कामाला वारस लागतो आणि तो एकाच वस्तीतून येतो, त्याला आपण सम्यक आजीविकेच्या कसोटीवर कसे तपासणार? सिगालोवादातील मालकाची पाच कर्तव्ये महापालिकेला लावून पाहता येतील काय? १९२५ साली बहिष्कृत हितकारिणी सभेने याच सोलापुरात मुलांसाठी वसतिगृह उघडले, ते बापाची पाटी मुलाच्या डोक्यावर जाऊ नये म्हणूनच. पुढच्या रविवारी वर्गात या विषयावर वाचन ठेवले आहे. भावालाही घेऊन ये, असे त्याला सांगितले आहे.